बालकांतील सहज हृद्रोग : शस्त्रकर्माचा काल आणि वैद्याची जबाबदारी

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी चार महिन्यांची एक बालिका बालशोष म्हणून माझ्या चिकित्सेत होती. दोन-चार घोट दूध प्यायल्यावर ती थांबे, कपाळावर घाम येई, वजन वाढत नसे आणि कास-श्वासाचे वेग वारंवार येत. अभ्यंग, बालचतुर्भद्र, दीपन-पाचन असा उपक्रम मी चालू ठेवला. पुढे दीड-दोन वर्षांत श्वासाचे वेग कमी झाले. मातेने श्रेय औषधास दिले, आणि मीही ते घेतले. सहाव्या वर्षी ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा इकोकार्डिओग्राफी झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास मोठे छिद्र होते. शल्यचिकित्सकांनी शस्त्रकर्म आता अशक्य असल्याचे सांगितले.

माझी चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी या विकाराची संप्राप्ती पाहणे आवश्यक आहे. जन्मतः फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा रोध अधिक असतो. त्यामुळे छिद्र मोठे असूनही रक्त डावीकडून उजवीकडे फारसे वाहत नाही, आणि प्रसूतिगृहातील तपासणीत बालक निरोगी वाटते. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत हा रोध उतरतो, फुप्फुसाकडे रक्ताचा लोंढा सुरू होतो आणि लक्षणे प्रकट होतात. हा अतिरिक्त भार सोसता सोसता त्या वाहिन्यांच्या भिंती जाड व कठीण होतात. रोध पुन्हा वाढतो, फुप्फुसाकडील प्रवाह घटतो आणि श्वास कमी होतो. ज्यास आपण उपशय समजतो, तो वस्तुतः असाध्यतेचा आरंभ असतो. शेवटी प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त शरीरात जाते व नीलता येते. यास आयझेनमेंगर अवस्था म्हणतात. या अवस्थेत छिद्र बंद केल्यास रुग्ण दगावू शकतो.

सुश्रुतांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. आधुनिक शल्यविदांनीही दीर्घकाळ त्यास हात लावला नाही. १९३८ साली बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतरही उघडी राहिलेली धमनीवाहिनी बांधली. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे ब्लॅलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून ‘निळ्या बालकां’साठी हाताची धमनी फुप्फुसधमनीस जोडण्याचे शस्त्रकर्म सिद्ध झाले. १९५४ मध्ये मिनेसोटात लिलेहाय यांनी पालकाच्याच रक्ताभिसरणावर बालकास जिवंत ठेवून पडद्यातील छिद्र शिवले. आज हे कार्य हृदय-फुप्फुस यंत्र करते आणि छिद्रावर ठिगळ शिवले जाते. काही छिद्रे तर छाती न उघडता, जांघेतील वाहिनीतून उपकरण नेऊन बंद करता येतात.

काल मात्र प्रत्येक विकाराचा भिन्न आहे. महाधमनी व फुप्फुसधमनी यांची जन्मतः अदलाबदल असल्यास शस्त्रकर्म पहिल्या काही आठवड्यांतच व्हावे लागते. मोठे छिद्र व लक्षणे असल्यास ते बहुधा पहिल्या वर्षाच्या आत बंद करतात. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप मिटतात. तो निर्णय हृद्रोगतज्ज्ञाचा; आपण बालकास त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवावे.

त्यासाठी मातेस दुग्धपानाविषयी अवश्य विचारावे. शांत निजलेल्या बालकाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६० किंवा अधिक, व त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असल्यास थांबू नये. छातीची डावी बाजू पुढे आलेली दिसते का, हेही पाहावे. पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नये. माझ्या त्या रुग्णेत आरंभी तो प्राकृत अंकच दाखवता.

औषधालयचालकांसही एक सूचना. अशा बालकांस फ्युरोसेमाइड व डिगॉक्सिन चालू असतात. ज्येष्ठमधाने पोटॅशियम घटते आणि डिगॉक्सिनची विषारता वाढते. म्हणून लहान मुलाच्या खोकल्यासाठी ज्येष्ठमधयुक्त सिरप मागितल्यास चालू औषधांची चौकशी केल्याविना ते देऊ नये.

२०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील तपासणी आयुष वैद्यांकडेच सोपविलेली आहे आणि सहज हृद्रोग त्यातील विकारांत समाविष्ट आहे. या पथकांत काम करणारे आपले अनेक बंधु-भगिनी आहेत. संशयित बालक त्यांच्यामार्फत जिल्हा केंद्राकडे पाठविता येते. शस्त्रकर्मानंतर क्षुधा, बल व वजन यांसाठी आपल्या चिकित्सेस भरपूर वाव आहे. परंतु अशा बालकास सकारण न भासणारा, टिकून राहणारा ज्वर आल्यास घरी काढे देत बसू नये. हृदयाच्या आतील आवरणाच्या संसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी परत पाठवावे.