बांधकाम देण्याआधी कामाची व्याप्ती लिहून घ्या



उसाचे बिल हाती आले की आपल्या भूम भागात कुणी गोठा काढतो, कुणी विहीर बांधतो, कुणी घर. "गोठा बांधून द्या, एवढे पैसे घ्या" असे तोंडीच ठरते आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडते. भांडण होते ते मागाहून, आणि तेव्हा दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

उदाहरण घेऊ. गोठ्याच्या पायाची एकूण लांबी 90 फूट, रुंदी 2 फूट, खोली 4 फूट धरली. झाले 720 घनफूट, म्हणजे 7.2 ब्रास. खोदल्यावर मात्र 4 फुटांवरही काळी मातीच! ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंत तडकते. मुरूम लागेस्तोवर 6 फूट जावे लागले, तर खोदाई 10.8 ब्रास झाली. दीडपट! हे वाढीव पैसे कुणी द्यायचे? कागद नसेल तर उत्तरही नाही.

म्हणून पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात असे आम्ही सुचवतो :

1. लांबी, रुंदी, उंची, पाया मुरमापर्यंत की ठरल्या फुटांपर्यंत, सिमेंट-वाळूचे प्रमाण.

2. सिमेंट, वाळू, विटा, पाणी कुणाचे, मजुरी कशाकशाची.

3. कामात काय धरलेले नाही. गव्हाण, गटार, गिलावा, फरशी यांवरूनच जास्त कुरबुरी होतात.

4. वाढीव कामाचा ब्रासचा दर. असे काम निघाले की आधी दोघांच्या सह्या, मग कुदळ.

5. पाया, भिंती, पत्रे अशा टप्प्यांनी हप्ते. शेवटचा हप्ता काम पाहून.

हे नवे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात पुनर्वसन झाले. नव्याने वसवलेल्या गावांत जमीनधारणेप्रमाणे 250, 400 व 750 चौरस फुटांची घरे ठरली होती. दुरुस्तीच्या घरांना पैसे काम पाहून हप्त्याने मिळत. कुणाला काय मिळणार, हे आधी कागदावर होते.

गवंडी आपल्याच गावचा असतो, मग लिहायचे कशाला, असे काहीजण म्हणतात. आम्ही म्हणतो, गावचा आहे म्हणूनच लिहा. रोज तोंड पाहायचे आहे. वहीचे एक पान, दोन सह्या, दोन साक्षीदार; एवढ्याने उसाचे पैसेही राहतील आणि माणूसही राहील.