विश्वास आणि हिशेबाची वही

'देवावर भरंवसा ठेवा' हे शब्द उच्चारावयास सोपे आहेत. ज्याच्या घरीं पीठ आहे, त्यानें तेच शब्द पीठ संपलेल्या शेजाऱ्यास ऐकविले, तर ते उपदेश न वाटतां टोमणा वाटण्याचा संभव असतो. मग ख्रिस्ती मनुष्यानें दुसऱ्यास धीर द्यावा तरी कसा? या प्रश्नाचें एक उत्तर हल्ले, ब्रिस्टल आणि केडगांव या तीन ठिकाणांच्या इतिहासांत सांपडतें.

जर्मनींतील हल्ले शहरालगत ग्लाउखा नांवाची गरीब वस्ती होती. तेथें ऑगुस्ट हेर्मान फ्रांके हे धर्मोपदेशक होते. १६९५ सालीं त्यांच्या दानपेटींत चार थालर आणि सोळा ग्रोशन एवढे पैसे एकदम आले. रक्कम मोठी नव्हती. पण तेवढ्यावर पुस्तकें घेऊन त्यांनीं गरीब मुलांची शाळा सुरू केली. पुढें तिच्याभोवतीं अनाथगृह, छापखाना व औषधालय उभें राहिलें. देवानें मदत कशी पाठविली याचा वृत्तान्त फ्रांके यांनीं छापून ठेविला. १७२७ सालीं ते वारले.

त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं हल्ले येथें शिकणारा एक विद्यार्थी याच अनाथगृहांत कांहीं दिवस विनामूल्य राहिला. त्याचें नांव जॉर्ज म्यूलर. पुढें ते इंग्लंडांत ब्रिस्टल येथें मंडळीचे पाळक झाले. त्यांच्या ओळखीचा एक भाविक कारागीर रोज चौदा ते सोळा तास राबत असे. शरीर थकलें, प्रार्थनेस वेळ उरला नाहीं; परंतु काम कमी केलें तर मुलेंबाळें उपाशी मरतील, हें भय त्यास सोडीना. अशा माणसांना देव आजहि ऐकतो याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा पाहिजे, असें म्यूलर यांना वाटूं लागलें. १८३५ सालीं त्यांनीं फ्रांके यांचें चरित्र पुन्हा वाचलें आणि पुढील वर्षीं विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरांत अनाथ मुलींसाठीं गृह उघडलें.

कोणा मनुष्याजवळ मागावयाचें नाहीं आणि कर्ज काढावयाचें नाहीं, हा त्यांचा नियम होता. आलेली प्रत्येक देणगी तारखेसह वहींत लिहिली जाई. दुसऱ्या वेळच्या जेवणापुरतेहि पैसे हातीं नाहींत, असे दिवसहि त्या वहींत आहेत. १८४१ च्या अखेरीस हात फार तंग होता, तेव्हां त्यांनीं वार्षिक वृत्तान्तच लांबणीवर टाकला. कारण त्या वेळीं तो प्रसिद्ध करणें म्हणजे आडून याचना करणें झालें असतें. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथें पांच इमारती उभ्या राहून दोन हजारांवर मुलांची सोय झाली.

म्यूलर यांचा हा वृत्तान्त महाराष्ट्रांत वाचणाऱ्यांपैकीं एक पंडिता रमाबाई होत. ऐन तारुण्यांत त्यांचे आईबाप व बहीण दुष्काळाच्या दिवसांत थोड्याच महिन्यांच्या अंतरानें दगावलीं होतीं. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें. अमेरिकेंतील मंडळानें त्यास दहा वर्षांचें साहाय्य कबूल केलें होतें. ती मुदत सरत आली, त्याच सुमारास १८९६-९७ चा दुष्काळ पडला. खर्च आंखडण्याची ती वेळ होती; परंतु बाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथील निराधार मुली घेऊन आल्या. केडगांवास मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

या भरंवशांत आळसाला जागा नव्हती. केडगांवास विहिरी खणल्या गेल्या. शेती, माग, तेलाचा घाणा, छापखाना चालू लागला. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली गेली. पूर्वीं वांचलेल्या मुली नव्यानें आलेल्या खंगलेल्या मुलींना न्हाऊंमाखूं घालीत व भरवीत. 'देव सांभाळतो' हें नव्या मुलींना अशा रीतीनें कोणा सांभाळलेल्या मुलीच्या हातून कळे.

तसेंच भरंवसा म्हणजे दुःख टळण्याची हमी नव्हे. १९२१ च्या जुलैमध्यें बाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. शरीर थकलें असतांहि बाईंनीं पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराचें काम सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. मुक्तिसदनाचें काम आजहि केडगांवास चालू आहे.

इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायांत, एकत्र मिळणें सोडूं नये व एकमेकांस उत्तेजन द्यावें, असा बोध आहे. त्यासाठीं अनाथगृह काढलें पाहिजे असें नाहीं. उपासनेहून परततांना शेजाऱ्याशीं चार शब्द बोलतां येतात. आपल्या अडचणीच्या दिवशीं काय घडलें, किती मिळालें आणि काय मिळालें नाहीं, हें न वाढवितां व न लपवितां सांगतां येतें. आणि त्याच्या घरचें पीठ संपलें असेल, तर सांगण्यापूर्वीं आपल्या डब्यांतलें शेरभर पीठ त्याच्या घरीं पोंचवितां येतें. मग तेच जुने शब्द उच्चारले, तर ते टोमणा वाटणार नाहींत.