अमूर्त पात्ररचना आणि अ‍ॅनिमेशन : संगीताच्या निवडीचा विचार

ठिपका, रेषा, वर्तुळ यांसारख्या अमूर्त आकारांतून पात्र घडविण्यास सांगितले असता बहुतेक विद्यार्थी एखादे आवडते चित्रपटगीत निवडतात. गीतातील शब्द आकाराला आपल्या अर्थाकडे ओढतात आणि पात्राऐवजी शब्दांचे चित्र तयार होते. संगीताची निवड लोकप्रियतेवरून किंवा केवळ भावावरून न करता त्याच्या लयरचनेवरून करावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या दृष्टीने नॉर्मन मॅक्लारेन यांचे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डमधील कार्य अभ्यसनीय आहे. १९४९ च्या 'बिगॉन डल केअर' या लघुपटात त्यांनी व एव्हलिन लॅम्बार्ट यांनी ऑस्कर पीटरसन त्रयीच्या जॅझवादनावर थेट फिल्मपट्टीवरच रंगकाम केले. येथे संगीत आधी ध्वनिमुद्रित झाले होते. मधल्या संथ भागात काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या उभ्या रेषा उरतात; वाद्यमेळ विरळ होताच आकारही विरळ होतात. १९५७ च्या 'अ चेअरी टेल'मध्ये क्रम उलटा आहे. बसू न देणाऱ्या खुर्चीचे चित्रण आधी झाले व रविशंकर, चतुरलाल प्रभृतींचे संगीत नंतर आले. खुर्ची हा अमूर्त आकार नव्हे, हे खरे. परंतु तिला चेहरा नाही, आणि तिचा हट्ट कळतो तो केवळ गती व विराम यांतूनच.

निवडीचा तांत्रिक भाग मात्र निव्वळ गणिताचा आहे. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एका मात्रेस २४ फ्रेम मिळतात, म्हणजे त्रितालाचे आवर्तन ३८४ फ्रेममध्ये पूर्ण होते. समेला पहिली फ्रेम, तर खालीला १९३ वी. समेवर आकार जमिनीवर टेकावा आणि खालीवर वजनहीन व्हावा, एवढ्यानेही त्यास स्वभाव प्राप्त होतो. मिनिटाला १०० मात्रा असल्यास प्रत्येकीस १४.४ फ्रेम येतात; त्या १४ धरल्यास एकाच आवर्तनात चित्र सहाहून अधिक फ्रेम पुढे निघून जाते.

आपल्याकडील मैफलीच्या ध्वनिमुद्रणात लय हळूहळू वाढत जाते, ही अडचण वेगळीच. तेथे एकदा काढलेले गणित अखेरपर्यंत चालत नाही. प्रत्येक आवर्तनाची सम कानाने टिपून तिची फ्रेम स्वतंत्रपणे नोंदवावी लागते, आणि हे काम पहिले रेखाटन करण्यापूर्वीच झालेले असावे.