जुन्या संचावर नवा संगणक

देवासला टेकडीच्या पायथ्याशी आमच्या आत्याचे घर आहे. माजघरातून बाहेर आले की उजव्या हाताला एक शिसवी कपाट, त्यावर तिने स्वतः विणलेला रुमाल आणि त्या रुमालावर वीस इंची रंगीत दूरदर्शन संच. हा संच १९८९ साली घेतला. रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागले की निम्मी गल्ली त्या घरात जमे आणि दारात चपलांना जागा उरत नसे. पुढे गच्चीवरची अँटेना वाऱ्याने वाकली. दूरदर्शनने २०२२ पर्यंत आपली बहुतेक सारी जुन्या पद्धतीची प्रक्षेपणकेंद्रे बंद केल्यावर ती सरळ करण्याचेही कारण उरले नाही. तरी आत्या दर सोमवारी संच पुसते आणि रुमाल झटकून पुन्हा घालते.

गेल्या दिवाळीत तिच्या मुलाने भिंतीवर त्रेचाळीस इंची चपटा संच लावला. आम्ही धारची मंडळी भाऊबिजेला देवासला गेलो, तेव्हा मी सोबत एक भेट नेली होती. माझ्या बहिणीचे लग्न १९८८ साली धारला झाले. त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्या ट्रंकेत पडून होती. इंदूरला एका गृहस्थांकडून ती संगणकाच्या फाइलीत उतरवून घेतली. त्या चित्रीकरणात आतोबा आहेत. फेटा बांधून बँडवाल्यांशी हुज्जत घालत आहेत. आतोबा १९९६ साली गेले. त्यांची छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण चालतेबोलते आतोबा एवढेच.

सारे घर संचासमोर बसले. आतोबा दिसताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे कोण जाडे गृहस्थ?”

कोणीतरी हसले. वहिनी म्हणाल्या, “आई, बाबा आहेत ते!” आत्या म्हणाली, “छे. हे ‘हे’ नव्हेत,” आणि उठून आत गेली. त्या रात्री स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलणे झाले. वय शहाऐंशी. हल्ली किल्ल्या कुठे ठेवल्या तेही विसरतात. डॉक्टरांना दाखवावे का? मला झोप आली नाही. पहाटे उठून मी तीच फाइल पुन्हा लावली, आणि मग माझ्या ध्यानात आले की चूक आत्याची नव्हती.

जुन्या काळचे चित्र रुंदीला चार भाग आणि उंचीला तीन भाग असे असे. नव्या संचाचा पडदा सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच असतो. रिकामी जागा दिसू नये म्हणून हा संच चौकोनी चित्र आडवे ताणून पडदा भरतो, आणि त्यात प्रत्येक वस्तू मूळच्यापेक्षा एक तृतीयांशाने रुंद होते. आमचे आतोबा शिडशिडीत होते. त्यांचा चेहरा भाकरीसारखा पसरला होता. बाकी आम्ही सर्वांनी फेटा पाहून ‘आतोबा’ म्हटले. तोंडाकडे खरे पाहिले ते एकट्या आत्याने.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशा फिती असतील त्यांनी प्रथम हेच करावे. नव्या संचाच्या रिमोटवर चित्राच्या आकाराचे बटण असते, त्याने ‘चारास तीन’ हे प्रमाण निवडावे. दोन्ही बाजूंस काळे पट्टे येतात, ते येऊ द्यावेत. मी तसे केले आणि आत्याला बोलावले. तिने ओळखले, पण म्हणाली, “धुक्यात उभे असल्यासारखे दिसतात. माझ्या टीव्हीवर लाव ना.”

तिच्या म्हणण्यातही तथ्य होते. घरगुती व्हिडिओ फितीत आडवा बारकावा फार थोडा असतो, ठोकळमानाने २४० रेघांइतका. वीस इंची काचेवर तेवढा पुरतो. तोच त्रेचाळीस इंचांवर पसरला की पातळ पिठल्यासारखा होतो. जुनी फीत ज्या पडद्यासाठी निर्माण झाली त्यावरच ती शोभते, असे माझे मत झाले आहे.

संगणक होता तो पुस्तकाएवढा छोटा, चित्रपट व गाणी साठवून पडद्यावर दाखविण्यासाठी घेतलेला. त्याला चित्र बाहेर सोडण्याचे एकच तोंड, एचडीएमआयचे. आत्याच्या संचाला मागे दोन गोल भोके, पिवळे चित्राचे आणि पांढरे आवाजाचे. दोहोंची भाषा निराळी. संगणक आकड्यांत बोलतो, संचाला विजेची चढउतार होणारी लहर समजते. मध्ये दुभाषा हवा. तो काड्यापेटीहून थोडी मोठी डबी असतो आणि स्वस्तात मिळतो. परंतु अगदी तशाच दिसणारी दुसरी एक डबी उलटे काम करते, म्हणजे जुन्या यंत्राचे चित्र नव्या संचावर नेते. दुकानदाराने मला नेमकी तीच दिली, आणि मी ती घेऊन देवासपर्यंत गेलो. डबीवर ‘एचडीएमआय ते एव्ही’ असा क्रम छापलेला आहे ना, हे दुकानातच वाचून घ्यावे. तिला स्वतःची वीजही लागते. मोबाइलच्या चार्जरवर ती चालते.

योग्य डबी आली, तर चित्र काळेपांढरे आणि वर सरकत जाणारे. डबीच्या कुशीला एक बारीक खटका असतो, एकीकडे ‘एनटीएससी’ व दुसरीकडे ‘पाल’. भिंतीवरची पाल नव्हे. आपल्या देशात १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते ज्या पद्धतीने, तिचे हे नाव. ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. खटका पालीकडे सरकवताच चित्र स्थिर झाले आणि बहिणीचा शालू हिरवा झाला.

आता आतोबा दिसले ते काठीसारखे! संगणक सोळास नऊचे चित्र पाठवीत होता आणि डबी ते दोन्ही बाजूंनी दाबून चौकोनात कोंबत होती. एकाच देवासात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने कशी नांदत असतील, याचे नवल इंग्रज लेखक फॉर्स्टर यांनी आपल्या १९५३ च्या पुस्तकात केले आहे. एका पडद्यावर दोन प्रमाणांचे राज्य चालत नाही एवढे मात्र मी स्वानुभवाने सांगू शकतो. उपाय असा की संगणकाच्या मांडणीत जाऊन चित्राचे माप ७२० बाय ५७६ व ५० हर्ट्‌झ ठेवावे. मी ‘कोडी’ नावाची विनामूल्य प्रणाली वापरतो (नाव कोड्याचे असले तरी ती सोपी आहे). तिच्यात पडदा जुळविण्याचे एक पान आहे. त्यावरील चौकोन पट्टीने मोजून चारही बाजूंनी सारखा भरेपर्यंत आकडे बदलावेत. मी आत्याची शिवणाची टेप वापरली.

त्याच पानावर चित्राच्या कडाही आत घेता येतात. जुने संच चित्राच्या चारही कडा थोड्या काचेबाहेर ढकलीत. प्रक्षेपणात ते खपून जाई. येथे मात्र आतोबांच्या फेट्याचा तुरा कापला जात होता. अक्षरांचे काय? बारीक अक्षरे या पडद्यावर वाचता येणार नाहीत. बारीक आडवी रेघ दोन हप्त्यांपैकी एकाच हप्त्यात उमटते आणि म्हणून थरथरते. या संचावर बातम्यांचे पान वाचू, हिशेब पाहू, ही आशा सोडावी. आत्यासाठी मी यादी काढूनच टाकली. संगणक सुरू झाला की लग्न आपोआप लागते.

आवाजाचे संगणकाला दोन प्रवाह असतात आणि संचाला एकच भोके. तेव्हा संगणकातच दोन्ही एकत्र करण्याची सोय निवडून पांढरी तार लावावी, नाहीतर अर्धा आवाज हरवतो. आतेभावाने हौसेने मोठे ध्वनिक्षेपक आणून संचाला चिकटून ठेवले, तर पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला. त्यातील लोहचुंबक चित्रनळीचे किरण वाकवितो. ते हातभर दूर नेताच डाग गेला.

ज्यांच्या संचाला मागे फक्त अँटेनाचेच तोंड आहे त्यांनीही निराश होऊ नये. पिवळ्या तारेतील चित्र अँटेनाच्या वाहिनीवर चढविणारी मॉड्युलेटर नावाची डबी मिळते. अडगळीत जुना व्हीसीआर असेल तर त्याच्या मागेही तेच काम करणारे तोंड असते. मग संचावर ती वाहिनी शोधावयाची, पूर्वी शोधीत होतो तशीच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. तारा जोडताना संच व संगणक दोहोंचे प्लग भिंतीतून काढावेत, आणि संचाची पाठ कोणीही उघडू नये. रंगीत चित्रनळीत वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. आमच्या आतेभावाने पेचकस हाती घेतला होता. मी तो काढून घेतला. ते काम जाणत्या कारागिराचे. असे कारागीर आता थोडे उरले आहेत, म्हणून तर संच जपून वापरावयाचा.

सारे जुळल्यावर संध्याकाळी दिवा लावून झाला आणि आत्या आपल्या नेहमीच्या पाटावर येऊन बसली. खटका तिनेच दाबला. काच उजळली, सनई वाजली, आतोबा फेटा सावरीत बँडवाल्यासमोर आले. आत्या काही बोलली नाही. दृश्य संपत आले तेव्हा वहिनींकडे वळून म्हणाली, “पन्नास रुपये ठरले होते. यांनी भांडून भांडून साठ दिले. असेच होते हे.”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांचा विषय नंतर निघाला नाही.

धारच्या ट्रंकेत आणखी सात कॅसेटी आहेत. आत्याने त्यांची यादी मागितली आहे, तारखांसह. दोन कॅसेटींच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसते. अशी फीत कोणत्याही यंत्रात घालू नये. तुटते ती तुटतेच, शिवाय यंत्राला लागलेली बुरशी पुढच्या फितीला लागते. त्या दोन मी वेगळ्या काढून कोरड्या डब्यात ठेवल्या आहेत. साफ करून देणारा माणूस इंदुरात शोधीत आहे. उरलेल्या पाच संक्रांतीपूर्वी देवासला पोहोचवायच्या आहेत.