जुन्या गाडीला वेगळे टायर आणि डिस्क : बसवण्यापूर्वी हिशोब करा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांकडे आजही जुनी मारुती 800 किंवा ओम्नी व्हॅन आहे. 800 चे उत्पादन 2014 साली व ओम्नीचे 2019 साली बंद झाले, तरी या गाड्या माल वाहत आहेत. टायर झिजले की मालक दुकानात जातो. तेथे कोणी रुंद टायर सुचवतो, कोणी अलॉय डिस्क, तर कोणी स्वस्तातले सेकंडहँड. गाडी शानदार दिसते, पण हिशोब न करता केलेला बदल महाग पडतो. म्हणून काही मुद्दे येथे देत आहे.

टायरवरचे आकडे

मारुती 800 च्या टायरवर 145/70 आर 12 असे लिहिलेले असते. 145 हा टायरचा पन्हा, मिलिमीटरमध्ये. 70 म्हणजे टायरच्या बाजूची उंची पन्ह्याच्या 70 टक्के. आर म्हणजे रेडियल आणि 12 म्हणजे डिस्कचा व्यास, इंचात. यावरून पूर्ण चाकाची उंची निघते. 145 चे 70 टक्के 101.5, वर व खाली धरून 203. बारा इंचाचे 305 मि.मी. मिळवले की 508 मि.मी.

आता कोणी 13 इंची डिस्कवर 155/70 चे टायर बसवले, तर उंची 547 मि.मी. होते, म्हणजे पावणेआठ टक्के जास्त. काटा 60 दाखवील तेव्हा गाडी 65 च्या आसपास धावत असेल. भरलेली गाडी घाटात दम टाकील, ब्रेकचा जोर कमी पडेल आणि वळणावर टायर मडगार्डला घासू शकेल. 155/65 आर 13 घेतले तरी फरक पाच टक्क्यांच्या जवळ जातो. फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, हा सर्वसाधारण नियम आहे.

ओम्नीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे

800 आणि ओम्नी दोन्हींची डिस्क 12 इंची. म्हणून 800 चे टायर ओम्नीला चढते व स्वस्तही पडते. पण चढते म्हणजे चालते असे नाही. मापाच्या पुढे एक भारांक छापलेला असतो. 69 असेल तर ते टायर 325 किलो पेलते, 80 असेल तर 450 किलो. चार टायरचे पहिल्या हिशोबाने 1300 किलो, दुसऱ्याने 1800 किलो. पाचशे किलोचा हा फरक आहे! शिवाय कापडाच्या गाठी मागे भरल्या जातात, म्हणजे बोजा चौघांवर सारखा येत नाही, मागच्या दोघांवर जास्त येतो. अशक्त टायर उन्हाळ्यात तापते आणि महामार्गावर फुटते. ओम्नीला एल.टी. छापाचेच टायर घ्यावे व हवा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे भरावी.

डिस्क बदलताना

नट बसले म्हणजे डिस्क बसली, असे समजू नये. बोल्टच्या छिद्रांमधील अंतर अचूक जुळले पाहिजे. मधले भोक हबवर घट्ट बसले पाहिजे. डिस्क फार बाहेर निघाली तर बेअरिंगवर ताण येतो, आत गेली तर सस्पेन्शनला घासते. अलॉयचे नट अनेकदा वेगळे असतात. जुने नट त्यावर आवळले तर वाटेत ढिले होतात. मधे चकत्या घालून चाक बाहेर काढणे टाळावे. काम झाल्यावर बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. स्टेपनीही त्याच उंचीची असावी.

अँबेसेडर (5.90-15) व पद्मिनी (5.20-14) या गाड्यांना मुळात साध्या नायलॉन पट्ट्यांचे टायर होते. त्यांना रेडियल बसवायचे असेल तर चारही बदलावे. एकाच अ‍ॅक्सलवर एक साधे व एक रेडियल कधीही लावू नये.

कायदा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 च्या निकालात हेच स्पष्ट केले. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर वाद घालू शकते.

सेकंडहँड टायर

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी दाट दिसली तरी रबर जुने असेल तर कडेला भेगा पडतात. नक्षीची खोली मोटारगाडीसाठी किमान 1.6 मि.मी. हवी. काही ठिकाणी गुळगुळीत टायरवर गरम हत्याराने नवी नक्षी कोरून विकतात. अशा टायरमध्ये आतील पट्ट्यांवर रबर जेमतेम उरते.

जे बांधव टायरचा धंदा करतात त्यांना विनंती, की मालातील ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगावा. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, आणि येथे तर प्रश्न कोणाच्या तरी मुलाबाळांच्या जिवाचा आहे. घेणाऱ्यानेही भावाच्या आधी भारांक विचारावा. तवक्कुल अल्लाहवर अवश्य ठेवावा, पण उंट बांधून मगच. जीव ही अमानत आहे.