खिडकीचा जुना कायदा आणि कॅमेऱ्याचा नवा तंटा

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आतल्या गल्ल्यांमध्ये, फीव्हर हॉस्पिटलच्या आणि शंकर मठाच्या आसपास, जुनी बैठी घरे पाडून उभ्या राहिलेल्या अपार्टमेंट एकमेकींना इतक्या खेटून आहेत की समोरच्या घरात काय शिजते आहे ते वासावरून कळावे. अशा ठिकाणी एकाच्या फाटकावर लावलेल्या कॅमेऱ्यात दुसऱ्याचे दार, जिना, वाळत घातलेले कपडे हे सगळे आपोआप येते. हे कॅमेरे केवळ हौसेने आलेले नाहीत. संयुक्त आंध्र प्रदेशाने 2013 मध्ये सार्वजनिक सुरक्षेचा कायदा केला. त्यानुसार गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे लावणे आणि चित्रीकरण तीस दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले. तो तेलंगणातही चालू राहिला. घरांवर त्यात सक्ती नव्हती, पण ‘नेनू सैतम’, म्हणजे ‘मीसुद्धा’, या मोहिमेतून पोलिसांनी रहिवाशांना आणि दुकानदारांना स्वखर्चाने कॅमेरे लावायला प्रवृत्त केले. एक कॅमेरा शंभर पोलिसांच्या बरोबरीचा, हे तिथल्या पोलिसांचे आवडते वाक्य. कॅमेरा लावा असे सांगणारे पुष्कळ झाले. तो कुठवर पाहू शकतो हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही, आणि शेजाऱ्यांमधली भांडणे नेमकी तिथेच सुरू होतात.

हा तंटा वाटतो तितका नवा नाही. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या 18 व्या कलमात एक उदाहरण दिलेले आहे. एखाद्या गावात अशी रूढी असेल, की शेजाऱ्याच्या खासगीपणावर मोठे आक्रमण होईल अशी नवी खिडकी कोणी उघडू नये, तर त्या गावात घर बांधणाऱ्याला तसा हक्क मिळतो. घराचा जो भाग एरवी लोकांच्या नजरेआड असतो, त्यात डोकावणारी नवी खिडकी शेजाऱ्याला उघडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने गुजरातच्या बाबतीत ही रूढी त्याआधीच मान्य केली होती, आणि 1888 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्ती जॉन एज यांच्या निकालात ती उचलून धरली. तिथे वाद होता तो नव्या घराच्या अशा व्हरांड्याचा आणि दारांचा, ज्यांतून शेजारच्या घरातला बायकांचा भाग दिसत होता. या निकालांमागे पडद्याची चाल होती, घराण्याची अब्रू होती, हे खरेच. आज तो हक्क घराण्याचा नाही, त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो याच अर्थाने. पण जुन्या कायद्याची कसोटी अजून उपयोगाची आहे. खिडकी उघडणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. त्या खिडकीतून काय दिसते, एवढेच ती पाहत असे.

कॅमेऱ्यालाही हीच कसोटी लावायला हवी, किंबहुना अधिक कडकपणे. खिडकीत माणूस उभा असेल तर तो दिसतो, आपण पडदा ओढतो. कॅमेऱ्यामागे कोणी आहे की नाही हे समोरच्याला कळत नाही. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास असणारे 2.8 मिलिमीटरचे भिंग सुमारे शंभर अंशांचा पट्टा टिपते, म्हणजे फाटकाकडे रोखलेला कॅमेराही दोन्ही बाजूंची घरे घेतो. अवरक्त दिव्यांमुळे अंधारातही चित्रीकरण चालू राहते. शेजारीण किती वाजता बाहेर पडली, कोणाबरोबर परतली, हे एकेक दिवस पाहिले तर क्षुल्लक असते. महिनाभराचे साठले की ती तिची दिनचर्या होते. आवाजाचे तर आणखी अवघड. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड काउंटी कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्ये एका घरमालकाच्या दारावरच्या बेलमधल्या आणि इतर कॅमेऱ्यांबद्दल शेजारणीच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा चित्रापेक्षा दूरवरचे बोलणे टिपणारे ध्वनिमुद्रण अधिक आक्षेपार्ह मानले. नल्लकुंट्याच्या अरुंद गल्लीत असा मायक्रोफोन समोरच्या स्वयंपाकघरातले बोलणेही टिपू शकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: रस्ता सगळ्यांचा आहे, रस्त्यावरून जे कोणालाही दिसते ते कॅमेऱ्याने टिपले तर बिघडले काय? पण रस्त्यावरून जाणारा पुढे निघून जातो, आणि तो मान उंचावून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तासन्‌तास पाहत उभा राहिला तर गल्लीतले लोक त्याला हटकतातच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅमेऱ्यांमुळे चोर पकडले जातात, सोनसाखळी ओढणारे सापडतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा सांगतो की कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी कमी झाले. परिणाम सर्वाधिक दिसला तो वाहनतळांवर. निवासी भागातही काहीसा दिसला, हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. म्हणजे कॅमेरा उपयोगी आहे, जादूची कांडी नाही. आणि या आढाव्यातून शेजाऱ्याचे दार चौकटीत असलेच पाहिजे, असे कुठेही निघत नाही. चोर येतो तो आपल्या फाटकातून. समोरच्याच्या गॅलरीतून नव्हे.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2014 मध्ये निकाली काढलेले चेक प्रजासत्ताकातले प्रकरण इथे बोलके आहे. खिडक्या फोडल्या जात होत्या म्हणून एकाने छपराखाली कॅमेरा लावला. त्यात घराचे प्रवेशद्वार, सार्वजनिक पायवाट आणि समोरच्या घराचे दारही येत होते. त्याच चित्रीकरणावरून पोलिसांना दोन संशयित मिळाले. तरीही न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक जागा टिपणारे असे चित्रीकरण ‘निव्वळ घरगुती’ राहत नाही; त्याला माहिती-संरक्षणाचे नियम लागू होतात, आणि मालकाचे सुरक्षेचे कारण त्या नियमांच्या आत राहून तोलायचे. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही ‘वैयक्तिक किंवा घरगुती’ कारणासाठी सूट आहे. तिचा अर्थ सैल लावला तर घरच्या कॅमेऱ्यावर कायद्याचा वचकच उरत नाही. उरतात त्या फौजदारी तरतुदी, आणि त्या प्रामुख्याने उघड्या शरीराचे किंवा खासगी कृतीचे चित्रीकरण झाले तरच कामाला येतात. रोजच्या पाळतीला त्या पुरत नाहीत.

न्यायालये मात्र हळूहळू सरकत आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याच्या एका तक्रारीत म्हटले, की सुरक्षेच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरात डोकावता येणार नाही आणि सरकारने यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखावीत. कलकत्त्याच्या एका प्रकरणात तर एकाच घरात राहणारे दोन भाऊ होते. दुसऱ्याच्या संमतीशिवाय निवासी भागात लावलेल्या कॅमेऱ्यांना तिथल्या उच्च न्यायालयाने मनाई केली आणि 9 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. भावालाही जे करता येत नाही ते समोरच्या अपार्टमेंटमधल्या अनोळखी माणसाला करता येते, हे मानणे अवघड आहे.

राहतो तो पुराव्याचा प्रश्न. ‘तुमच्या कॅमेऱ्यात माझे घर दिसते’ हे शेजाऱ्याने सिद्ध करायचे म्हटले तर ते जवळपास अशक्य, कारण चित्र मालकाच्या मोबाइलवर असते. म्हणून हा भार कॅमेरा लावणाऱ्यावर टाकणे न्यायाचे ठरेल: मागितले की चालू चित्र दाखवायचे, आणि शेजाऱ्याचे दार त्यात येत असेल तर ते का हवे हे सांगायचे. यात मालकाचे फार काही जात नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये नको असलेला भाग काळा करण्याची सोय असते, आवाज बंद करता येतो, साठवण काही दिवसांनी आपोआप पुसली जाते. बसवणाऱ्या कारागिराला हे पाच मिनिटांचे काम आहे, पण सांगितल्याशिवाय तो ते करत नाही. अपार्टमेंटच्या असोसिएशनने कॅमेऱ्यांना परवानगी देताना शेजाऱ्याचे दार वगळण्याची अट घातली, आणि कॅमेऱ्यांचा आग्रह धरणाऱ्या पोलिसांनी आपल्या पत्रकात हीच अट छापली, तर कोर्टापर्यंत जाण्याची पाळी थोड्याच जणांवर येईल.