चकती तयार होती, पॅड नव्हता

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांतून हल्ली बारीक किरकिर ऐकू येते. गॅरेजवाला म्हणतो, पॅड संपले. मुलाने मात्र फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गृहस्थ घराच्या अंगणात, अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे पॅड बदलून मोकळे होतात. 'मी उभ्या हयातीत पोरांना पास्कलचा नियम शिकवला, मग मला हे का जमू नये?' असा सरांचा सवाल आहे.

जमेल, सर. नट-बोल्टांपुरतं बोलायचं तर पंक्चर झालेलं चाक काढून स्टेपनी लावण्याच्या पुढची ही एकच इयत्ता. ती किरकिरही बिघाड नाही, सोय आहे. बऱ्याच पॅडांच्या पाठीला एक पोलादी पत्ती असते. घासून घासून पॅडचा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि बोंब मारायला लागते. नव्या पॅडचा थर साधारण दहा मिलिमीटर असतो.

मात्र हा झिजका तुकडा भंगारात टाकण्याआधी एकदा हातात घेऊन नीट बघा. डिस्क ब्रेक कागदावर उतरला तो १९०२ साली. तो रस्त्यावर खऱ्या अर्थाने चालू लागायला पन्नास वर्षं गेली, आणि त्या खोळंब्याचं एक मोठं कारण म्हणजे हा तुकडा.

१९०२चं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरचं. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिची कड दोन बाजूंनी आवळणारा जबडा. आज तुमच्या गाडीत आहे ते तत्त्व हेच. चूक म्हणावी तर एवढीच, की जबड्याला त्याने तांब्याचे तुकडे लावले. त्या काळचे रस्ते धुळीचे. धूळ आणि खडी मध्ये शिरायची, तांबं भराभर झिजायचं आणि ब्रेक दाबला की असा कर्कश आवाज निघायचा की घोडे बुजावेत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला. त्यात घासणारे भाग डब्यात झाकलेले, आणि फिरता ड्रम लायनरला स्वतःच आणखी आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. डिस्कला ही फुकटची मदत मिळत नाही. साहजिकच जगाने ड्रम उचलला. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यापर्यंत चारही चाकांना बहुतेक ड्रमच असायचे.

लँचेस्टर हा माझा जुना लाडका माणूस, त्यामुळे इथे थोडं विषयांतर होणार. ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या पेट्रोल मोटारींपैकी एक त्याने १८९५-९६मध्ये बांधली. विमान उडण्याआधीच, पंखाभोवती हवा कशी वळते आणि टोकांशी भोवरे कसे सुटतात, याचा सिद्धांत त्याने मांडला. १८९७ साली लंडनमध्ये तो निबंध नाकारला गेला. पुढे जर्मनीत प्रांटल या शास्त्रज्ञाने तीच कल्पना काटेकोर गणितात बसवली आणि पाठ्यपुस्तकांत प्रांटलचं नाव ठळक झालं. युद्धात सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा पहिल्या महायुद्धातला नियमही लँचेस्टरचाच; ऑपरेशन्स रिसर्चचे विद्यार्थी तो अजून शिकतात. त्याच्या नावाच्या मोटारी हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या आवडीच्या होत्या. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटमधले रणजी, हेही त्यांच्या शौकिनांपैकी. एवढं सगळं करून हा माणूस १९४६ साली वारला तेव्हा पदरी पैसा नव्हता.

सात वर्षांनी, १९५३च्या 'ल मां' शर्यतीत, डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. चोवीस तासांच्या त्या शर्यतीत सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेला. वळणापर्यंत वेग राखून अगदी शेवटी ब्रेक मारता येणं, आणि रात्रभर तसं मारूनही ब्रेक शाबूत असणं, हे त्यामागचं इंगित. १९५५मध्ये सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क आली आणि मग बाकीच्यांनी ती वाट धरली.

मधल्या पन्नास वर्षांत काय घडलं? एक म्हणजे हायड्रॉलिक्स आलं. १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालत होते. दुसरं, घासणारा पदार्थ बदलला. त्याचा पहिला मोठा कारागीर हर्बर्ट फ्रूड. डर्बीशरच्या डोंगराळ भागात शेतकरी उतारावर घोडागाडी आवरायला ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट बांधायचे. ते पाहून त्याला लायनरची कल्पना सुचली, असं सांगतात. १८९७ साली त्याने 'फेरोडो' कंपनी काढली. पुढे लायनरात अॅस्बेस्टॉस आलं. उष्णतेला ते उत्तम टिकायचं, पण कामगारांच्या फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली. आजच्या पॅडमध्ये फिनॉलिक राळ, धातूचे आणि इतर धागे, ग्राफाइट, बराइट आणि आणखी दहा-पंधरा गोष्टी मिसळून, दाबून भाजलेल्या असतात.

त्या दहा-पंधरांत अनेकदा एक तपकिरी भुकटी असते, आणि ती चक्क काजूपासून बनते. गरापासून नव्हे, टरफलापासून. ओले काजू सोलणाऱ्या कोकणातल्या बायका हाताला राख किंवा तेल का लावतात, हे कोणाला सांगायला नको. टरफलातला तो काळपट चीक कातडी सोलून काढतो. बिब्बा उततो आणि आंब्याचा चीक तोंडाला लागून फोड येतात, त्यामागेही याच जातीची रसायनं आहेत. काजू, बिब्बा, आंबा तिघे एकाच कुळातले. काजूच्या टरफलातला हा चीक म्हणजे एक तेलच. ते तापवून, त्यावर प्रक्रिया केली की असा पदार्थ बनतो, जो वितळत नाही, घर्षण बऱ्यापैकी स्थिर ठेवतो आणि आवाजही कमी करतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे या रसायनज्ञाने या तेलाच्या मागे लागून त्यातून उद्योग उभा केला. लँचेस्टरच्या तांब्याला जे जमलं नाही, ते जमवणाऱ्या मसाल्यात आपल्या काजूचाही वाटा आहे.

या मसाल्याला इतकं टिकावं का लागतं? १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली की सुमारे ४ लाख ६० हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे दीड लिटर गार पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी, आणि तीही चार सेकंदांत. यातला मोठा हिस्सा पुढच्या दोन चाकांवर पडतो, कारण ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो. आता सर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरले असं धरा. सुमारे तेराशे मीटरची ही उतरण. हिशेब होतो दीड कोटी ज्यूलचा. काही वाटा वारा आणि टायर घेतात, काही गिअर खाली टाकला तर इंजिन घेतं. उरलेलं सगळं या चार पॅडांच्या आणि मागच्या लायनरांच्या माथी. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणाऱ्या महाभागांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता प्रत्यक्ष काम. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी उचलली की खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही राहू नका. चाक निघालं की कॅलिपर, म्हणजे तो आवळणारा जबडा, दिसतो. बहुतेक छोट्या गाड्यांत त्याचा खालचा बोल्ट काढला की तो वर उलटतो आणि पॅड मोकळे होतात. कॅलिपर पूर्ण काढावा लागला तर तारेने बांधून ठेवा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. धूळ तोंडाने फुंकू नका. डिस्कच्या कडेला नख लावून पाहा. उंच काठ लागला तर डिस्कही झिजली आहे, आणि तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

आता नव्या जाड पॅडांना जागा व्हावी म्हणून कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलायचा, आणि इथे थोडं थांबून आत डोकवावंसं वाटतं. पिस्टनभोवती एक रबरी रिंग असते, तिचा छेद चौकोनी. ब्रेक दाबला की पिस्टन केसभर पुढे सरकतो आणि रिंग त्याच्याबरोबर तिरकी होते, बोटाने बाजूला रेटलेल्या खोडरबरासारखी. पाय उचलला की ती सरळ होते आणि पिस्टनला तेवढंच मागे घेते. पॅड झिजला तर पिस्टन रिंगमधून किंचित निसटून नव्या जागी बसतो. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. ब्रेक स्वतःच स्वतःला जुळवून घेतो.

म्हणूनच पॅड झिजत गेले की ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते. मधल्या काळात कोणी टाकी वरपर्यंत भरली असेल, तर सी-क्लॅम्पने पिस्टन मागे रेटताना ऑइल उसळून बाहेर येईल आणि रंग खाईल. टाकीचं झाकण उघडून नजर ठेवा. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट-४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरलेल्याचा १५५. घाटात कॅलिपर तापला आणि ऑइल उकळलं की वाफ होते, आणि पास्कलचा नियम पेडलच्या कामी येतो तो द्रव दबत नाही म्हणून, सर. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली बसतं. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑइल बदला. ते काम आणि नळ्यांतली हवा काढणं गॅरेजवर सोडलेलं बरं.

पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका. ग्रीस फक्त कॅलिपरच्या सरकत्या पिनांना, तेही उष्णता सोसणारं. दुकानदार 'सिरॅमिक पॅडने गाडी अर्ध्या अंतरात थांबते' असं सांगेल, तिकडे कानाडोळा करा. चाक जाम करण्याइतका जोर साध्या, चांगल्या पॅडमध्येही असतो. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबणार, हे टायर आणि रस्ता ठरवतात. कोरड्या डांबरावर ताशी १०० वरून चाळीस-पन्नास मीटर लागतातच. सिरॅमिकने धूळ आणि आवाज कमी होतो, हे मान्य. भोकं पाडलेल्या डिस्क रोजच्या गाडीला फक्त शोभेच्या. डुप्लिकेट पॅड मात्र टाळाच. पुण्यात नाना पेठेत घ्या नाहीतर शोरूममध्ये, पण बिल घ्या.

आणि हे अजिबात चुकवू नका. सगळं बसवून झालं की गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल दाबत राहा, ते कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे रेटलेला असल्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांना पेडल तळाला जातं. ते न करता गाडी रिव्हर्समध्ये काढलीत तर पाय खाली जाईल आणि गाडी मात्र थांबणार नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून २० पर्यंत, आठ-दहा वेळा सावकाश वेग उतरवा, मध्ये थोडा गारवा द्या. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसला की पकड येते.

मागच्या चाकांना मात्र या भरात हात लावू नका. तिथे ड्रम असेल तर स्प्रिंगांचं जाळं आहे, डिस्क असेल तर पिस्टन अनेकदा ढकलून नव्हे, फिरवून आत जातो, आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर त्याची मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. ते काम गॅरेजवाल्यालाच द्या.